नंबर उतरला

आमच्या घरात दर दहा मिनिटांनी कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज होतो. खर्रर्र. अर्धा-पाऊण सेकंद, आणि मग शांतता. नवीन पाहुणा पहिल्यांदा दचकतो, दुसऱ्यांदा इकडेतिकडे बघतो आणि तिसऱ्यांदा विचारतो, "काकू, हे काय आहे?" मी म्हणते, "सवत."

ही सवत आमच्या यजमानांनी, नरहररावांनी, निवृत्तीनंतर घरात आणली. हे पाटबंधारे खात्यात वायरलेस ऑपरेटर होते. बत्तीस पावसाळे धरणावरच्या एका खोलीत बसून तासातासाला पाण्याची पातळी वरच्या ऑफिसला कळवली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांकडे बघतात, नाहीतर नातवंडांकडे. ह्यांनी साठाव्या वर्षी हॅम रेडिओची परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि गच्चीवर माझ्या पापडांच्या जागी अँटेना उभी केली. पहिली काही वर्षं देशोदेशीच्या माणसांशी गप्पा चालायच्या. मग कान जायला लागले. श्रवणयंत्र आणलं ते ह्यांनी उघडून दुरुस्त केलं, त्यानंतर ते कधी चाललं नाही. कान गेले तसे हे बोलण्यातून आकड्यांत गेले.

हॅम लोकांत एक पद्धत आहे. तिला एपीआरएस म्हणतात. यंत्राने ठरावीक वेळाने आपला ठावठिकाणा आणि सोबत चार आकडे हवेतून फेकत राहायचे, दुसऱ्या यंत्राने ते झेलायचे, जमल्यास पुढे फेकायचे. बोलायचं काही नाही, ऐकायचं काही नाही. ह्यांच्या स्कूटरच्या डिकीतही असाच एक डबा आहे, त्यामुळे नवरा कुठे आहे ते मला घरबसल्या नकाशावर दिसतं. "बॅटरीचं काम निघालं, उशीर झाला" असं सांगत घरी आलेला माणूस चाळीस मिनिटं इंदुताईच्या टपरीवर होता, हे मला तो दारात चपला काढायच्या आधी ठाऊक असतं. पण मी कधी काही म्हटलं नाही. साखर वाढली की डॉक्टर म्हणतीलच.

ही इंदुताईची टपरी घाटंजीच्या पलीकडे बोरदरी फाट्यावर आहे. फाट्यावरून बोरदरीला दोन रस्ते जातात. सरळ गेलं तर सहा किलोमीटर, पण मधे नाला, आणि नाल्यावर पूल नाही, नुसता रपटा. पाणी आलं की रस्त्यावरून वाहणारच. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून बावीस किलोमीटर. आठ वर्षांपूर्वी त्या रपट्यावरून एक मोटारसायकलवाला वाहून गेला आणि बाभळीला धरून वाचला. पेपरात चार ओळी आल्या. खात्यात कोणाला त्याचं काही नव्हतं, कारण तो रपटा कुठल्या खात्याचा हेच ठरत नव्हतं. ह्यांनी त्या चार ओळी कापून पाकिटात ठेवल्या आणि महिनाभराने रपट्याशेजारी एक लोखंडी खांब उभा राहिला.

खांबावर डबा, डब्यात खाली तोंड केलेला सेन्सर. तो खाली टिक करतो आणि पाण्यावर आपटून टिक परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर मोजतो. "मला ऐकू येत नाही, त्याला येतं," असं हे सगळ्यांना सांगायचे. इंदुताईचे यजमान भगवानराव यांच्या कपाशीच्या वावरात एक टेकडी आहे. तिच्यावरचा डबा रपट्याचा आकडा झेलून पुढे फेकतो. तो यवतमाळला आमच्या बैठकीत येऊन खाकरतो आणि फाट्यावर इंदुताईच्या टपरीच्या दर्शनी बाजूला टांगलेल्या लाल आकड्यांच्या पाटीवर उमटतो. बँकेत टोकनची असते तशी पाटी, चार आकड्यांची. लावली त्या दिवशी ह्यांनी सगळे दिवे लागतात का ते बघायला चारही घरांत आठ आणले होते. इंदुताईने नारळ फोडला आणि विचारलं, "अठ्ठ्याऐंशीशे अठ्ठ्याऐंशी? एवढा मोठा नंबर कायचा जी?"

आता ह्या गोष्टीत एक खोड आहे ती आधीच सांगते. सेन्सर सांगतो ते पाणी नव्हे, पाण्यापर्यंतचं अंतर. नाला कोरडा असला की तीनशे सेंटिमीटर. पाणी रस्त्याला टेकलं की दीडशे. म्हणजे पाणी चढलं की नंबर उतरतो. कोणत्याही शहाण्या माणसाने ते उलटं करून सरळ पातळी दाखवली असती. ह्यांनी "पुढच्या आठवड्यात करू" म्हटलं. तेवढ्यात लोकांनी नंबर उचलला. "नंबर उतरला" म्हणजे पाणी आलं. "नंबर दीडशेच्या खाली, फिरून जा." पुढे पुढे तर तो शब्द पाण्यापुरताही राहिला नाही. एकदा मी टपरीवर गेले तर भगवानराव तोंड पाडून बसलेले. इंदुताई म्हणाली, "बोलू नका याच्याशी काकू, आज याचा नंबर उतरला हाय." म्हणजे माणूस काठोकाठ भरलाय, आता पाऊल टाकू नका. मला तो शब्द फार आवडला.

ह्यांना फोन ऐकू येत नाही म्हणून फोनवर नंबर सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पावसाळ्यात घाटंजीहून, राळेगावहून, कुठून कुठून फोन. "काकू, नंबर काय?" मी सांगायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. आकडा सांगायला मला अडचण नव्हती, पण मी थकले होते. चार महिने घर सोडता येत नाही. खर्र आलं नाही तर टेकडीवरची बॅटरी गेली, आणि खर्र आलं नाही हे कळायला घरात फक्त माझे कान. मग मी ह्यांच्यासाठी खडूने दगडी पाटीवर लिहायचं, "दहा मिनिटं झाली." ही आमच्या नातीची, आभाची, जुनी पाटी, आमचा सगळा संसार आता तिच्यावर चालतो. मग बाहत्तर वर्षांचा माणूस स्कूटरवर बॅटरी बांधून चाळीस किलोमीटर जाणार, टेकडी चढणार, आणि मी नकाशावर तो ठिपका हलतोय का बघत बसणार. आमचा स्वानंद पुण्याहून दर रविवारी म्हणायचा, "आई, इकडे या आता." मला जायचं होतं. स्पष्टच सांगते, मला ह्या आकड्याचा कंटाळा आला होता. अडचण एवढीच की आकडा टाकून जायचा कोणावर? लायसन्स असलेला माणूस लागतो, आणि जिल्ह्यात असे आहेत किती, तर हाताची बोटंसुद्धा जास्त होतील.

गेल्या वर्षी जुलैत इंद्रजित मिळाला. इथल्याच कॉलेजात शिकवतो, लायसन्स आहे, हौस आहे. मी देवापुढे साखर ठेवली. त्याने सगळं नीट पाहिलं आणि फक्त एक म्हणाला, "सर, हे उलटं आहे. पातळी वर गेली की आकडा वर जायला हवा ना?" हे लाजले. खात्यातला माणूस, बत्तीस वर्षं सरळ पातळी कळवलेली, आणि नव्या माणसाच्या हाती उलटा आकडा द्यायचा म्हणजे फाटका सदरा देण्यासारखंच. दोघं रपट्यावर गेले आणि डब्यातल्या प्रोग्रामची एक ओळ बदलून आले. तीनशेतून अंतर वजा. आता कोरडा नाला शून्य, रस्ता दीडशे, आणि दीडशेच्या वर गेला की फिरून जा. टपरीवर कागद चिकटवला. इंदुताईला तीनदा समजावलं. मलाही सांगितलं. मी म्हटलं, "मला शिकवू नका, वजाचं चिन्ह विसरलं म्हणून मी पोरांचे मार्क कापलेत."

त्यानंतर तीन आठवडे पावसाने ओढ दिली. पाटीवर वीस, पंचवीस. दोन-चार जण जुन्या सवयीने बावीस किलोमीटर फिरून गेले आणि नाला कोरडाच होता हे कळल्यावर आम्हाला शिव्या घालत आले. तेवढंच. आम्ही हसलो.

ऑगस्टच्या शेवटी घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला. तीनच्या सुमारास पूनमसिंगचा फोन. हा बोरदरीच्या तांड्यावरचा, काळी-पिवळी जीप चालवतो. महिनाभर आदिलाबादकडे लेकीकडे जाऊन परवाच परतला होता. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"काकू, नंबर काय हाय?"

मी पडद्याकडे पाहिलं. "एकशे नव्वद. चढतोय. या निवांत."

"चढून राह्यला ना? बस. अकरा शिटा हायेत, इंदुताई बी हाय. निघतो मंग."

फोन ठेवून मी तुरीची डाळ निवडायला बसले. दहा मिनिटांनी खर्र आलं, एकशे शहाण्णव. मला बरं वाटलं. अजून दहा मिनिटांनी खर्र, दोनशे चार. मी मनात म्हटलं, भराभर ओसरतंय, छान. आणि हातातली डाळ हातातच राहिली. एवढा पाऊस खिडकीबाहेर कोसळतोय आणि नाला ओसरतोय?

मी पूनमसिंगला फोन लावला. लागेना. घाटंजी सोडलं की पावसात रेंज जाते, सगळ्यांना माहीत आहे. पाटी घेतली. खडूने लिहिलं, "जीप. अकरा. मी १९० ला या म्हटलं."

ह्यांनी वाचलं. चष्मा वर केला, पडदा पाहिला, घड्याळ पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. माणूस ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "फाट्यावर यायला दहा मिनिटं आहेत. टपरीवरच्या पाटीवर काहीतरी पाठवू."

यवतमाळहून त्या पाटीवर आपल्याला हवा तो आकडा पाठवता येतो. पण फक्त आकडा, अक्षर नाही. आणि कोणता? खरा आकडा दोनशे चार. जुन्या बोलीत तो 'जा' म्हणतो. जुन्या बोलीतला खरा आकडा शहाण्णव. तो पाठवावा, तर पूनमसिंग थांबेल, पण कागद वाचलेला कोणी जीपमध्ये असला तर तो म्हणेल, दीडशेच्या आत आहे, चल. दोन्ही बोलींत 'थांब' असा आकडाच नव्हता. तीस वर्षांचं गणित डोक्यात घेऊन मी तिथे मूर्खासारखी उभी होते. टपरीही बंद असणार, कारण टपरीवाली जीपमध्ये. रपट्याच्या अलीकडे वळण आणि उतार आहे, आणि गढूळ पाणी किती खोल ते बघून कळत नाही. ह्यांनीच आठ वर्षं सगळ्यांना बजावलेलं, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, नंबरवर ठेवा.

ह्यांनी चार आठ टाइप केले.

पाठवलं. पाटीच्या डब्याकडून पोच यायला हवी, ती आली नाही. पुन्हा पाठवलं. नाही. पावसात कुठेतरी विरलं. तिसऱ्यांदा पाठवलं, आणि मला आपल्या सेटमधून एक छोटं खर्र ऐकू आलं. मी ह्यांचा खांदा दाबला. चार-पाच सेकंदांनी पडद्यावर पोच उमटली.

पण तेवढ्याने भागत नव्हतं. दहा मिनिटं झाली की रपट्याचा डबा आपला आकडा पुन्हा पाठवणार आणि आठ पुसून जाणार. मग आम्ही असं केलं. मी सेटला कान लावून उभी राहिले. रपट्याचं खर्र आलं की खांदा दाबायचा आणि ह्यांनी लगेच चार आठ पाठवायचे. एकदा. दोनदा. तीनदा. चौथ्या वेळी पोच आलीच नाही, पाच वेळा पाठवावं लागलं. मी मारुतीला, गणपतीला, कोणाकोणाला काय काय बोलले ते आता आठवत नाही. ज्या खर्रला मी सवत म्हणत होते, त्याच्यासाठी माझा जीव कानात येऊन बसला होता. इकडे आकडा दोनशे एकतीस झाला होता. म्हणजे रस्त्यावर जवळजवळ कमरेएवढं पाणी.

पाऊण तासाने फोन वाजला. इंदुताई होती, बोरदरीतून, ग्रामपंचायतीच्या फोनवरून.

"काकू, पोचलो जी आम्ही."

मी खुर्चीत बसले.

"कोणत्या रस्त्यानं?"

"फिरून. म्या पाटीकडं पाह्यलं तं समदे आठ. म्या म्हनलं, थांब रे पूनमसिंग, हे तं नारळाच्या दिवशीचे आठ हायेत, साहेब काहीतरी सांगून राह्यले. तो म्हने, काकूनं तं या म्हनलं. म्या म्हनलं, काकू चुकन, आठ कायले चुकन?"

"इंदुताई, मीच चुकले गं," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

"चालते जी," ती म्हणाली. "मले बी त्यानं एकशे नव्वद सांगितलं तं म्या बी निवांतच होती. तो कागद तं माह्याच टपरीवर हाय."

मी ते सगळं पाटीवर लिहिलं. ह्यांनी वाचून पाटी पुसली. "तुझी चूक नाही," म्हणाले. "नंबर बदलता येतो. आठ वर्षांचा शब्द एका कागदाने बदलत नाही. हे मला कळायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर जाऊन त्यांनी ती ओळ पूर्वीसारखी केली. इंद्रजितला वहीत लिहून दिलं: उलटं आहे, उलटंच ठेवावं. तो चांगला मुलगा आहे, त्याने का म्हणून विचारलं नाही.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याला आलो. सगळं ठरल्याप्रमाणे झालं, मला हवं होतं तसंच. नववा मजला, लिफ्ट, खाली बाग. स्वानंद आणि सून गौरी सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. आभाला शाळा, शाळेनंतर क्लास. कोणी वाईट वागत नाही, उलट फार जपतात. मला स्वयंपाक करू देत नाहीत. ह्यांना इथे अँटेना लावायला सोसायटीची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून बोरदरीचा आकडा बघतात. तो मुकाट बदलतो. दहा मिनिटं झाली की माझे कान टवकारतात आणि काहीच येत नाही. मी शांतता मागितली होती आणि ती मला भरभरून मिळाली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. ह्यांच्याशी पाटीवर लिहून बोलते, तर लिहायलाही काही उरत नाही. जेवलात का. हो. औषध. घेतलं. दिवसभर काही न करता मी तिथल्यापेक्षा जास्त दमते.

परवा रात्री जेवताना स्वानंदने विचारलं, "आई, गप्प का आज?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही रे. नंबर उतरलाय."

"बीपीचा ना?" त्याने पोळीचा तुकडा मोडत म्हटलं. "उतरला तर बरंच झालं की."

मी हो म्हटलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आमच्याकडेही तसंच झालं होतं, मी स्वतः तसंच केलं होतं.

काल दुपारी इंदुताईला फोन लावला. टपरीमागच्या कडुनिंबाखाली उभी राहिली की तिला रेंज मिळते, हे मला माहीत आहे. तिने पाऊस सांगितला, भगवानरावांचे गुडघे सांगितले, इंद्रजित साहेब चहात साखर घेत नाही म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "तुमचं कसं हाय जी तिकडं?"

"इंदुताई, नंबर उतरलाय," मी म्हटलं.

मागे एसटी जाण्याचा आवाज आला.

"किती?" तिने विचारलं.

"ऐंशी असेल. खालीच जातोय."

"मंग काकू, तिथं उभ्या कायले राह्यल्या?" ती म्हणाली. "फिरून या. लांब पडन, पर या."

मी पाटीवर दोनच शब्द लिहिले आणि ह्यांच्यापुढे धरले. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले. मग उठले आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल शोधू लागले.